पाचशे उशा आणि एक मान

धंदा वाढला की माणसं घाबरतात. मोठ्या बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी अकरा माणसांचं घर आवरलं होतं, एक तापट नवरा आवरला होता, आणि नवऱ्याच्या मागे त्याचा उशांचा कारखाना तेवीस वर्षं आवरून धरला होता. त्यात मुलाची मदत झाली, असं मुलगा म्हणे.

शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या. तिसरीच्या बाईंना शिस्त नव्हती, म्हणून सोडली. पण त्यावाचून काही अडलं नाही. उशीला लागतं काय? आत कापूस, बाहेर खोळ आणि करणाऱ्याला अक्कल. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात.

कारखाना म्हणजे राहत्या घराच्या मागच्या तीन खोल्या. पहिलीत कापूस पिंजायचं यंत्र. दुसरीत खोळी शिवणारे मास्तर, आणि त्यांच्या समोरच्या टेबलावर कापूस भरणाऱ्या सूनबाई. तिसऱ्या खोलीत एक लाकडी पलंग. त्या पलंगावर मोठ्या बाई.

तयार झालेली प्रत्येक उशी त्यांच्यापुढे यायची. त्या आडव्या व्हायच्या, उशीवर उजवा कान टेकवायच्या आणि मनात वीसपर्यंत मोजायच्या. मग डावा कान, वीस. मग डोक्याची मागची बाजू, वीस. कुठे गुठळी लागली, कापूस एका अंगाला पळाला, शिवण टोचली, की उशी परत. काही लागलं नाही तर म्हणायच्या, "जाऊ दे." आणि उशीच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ मारायच्या. तीन वेढे, एक हिसका, आणि दोरा दातांनी तोडायचा. कात्रीनं तोडलेली गाठ सुटते, असं त्यांचं मत होतं. कात्रीचं मत कोणी विचारलं नव्हतं.

अशा दिवसाला तीस उशा निघायच्या. तीस उशा, तीस गाठी, आणि मधल्या वेळात ज्याला जे सुनावायचं ते सुनावून व्हायचं. सगळं कसं बेतात होतं.

मग एका मानेच्या डॉक्टरनं घोळ केला. तो आपल्या पेशंटना सांगू लागला, की उशी घ्यायची तर लाल गाठीची घ्या. पेशंटनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी मेव्हण्यांना. मान वाकडी करून माणसं दारात उभी राहू लागली. आणि एका सकाळी एका मोठ्या हॉटेलच्या मॅडमचा फोन आला.

मुलानं फोनवर हात ठेवला. त्याचा चेहरा खोळीसारखा पांढरा पडला होता.

"आई, पाचशे उशा मागतायत. दहा दिवसांत. मी नाही म्हणून सांगतो."

"का? पोटात दुखतंय तुझ्या?"

"अगं, आपण दिवसाला तीस काढतो!"

"मग दहा दिवसांत किती होतात?"

"तीनशे."

"राहिल्या किती?"

"दोनशे."

"दोनशे उशांपायी पाचशेला नाही म्हणणारा माणूस मी जन्माला घातला! दे इकडे तो फोन."

मॅडमचा आवाज इस्त्री केल्यासारखा होता. त्या म्हणाल्या, "एकच अट आहे. प्रत्येक उशीला लाल गाठ हवी. पाहुणे गाठ बघून उशी मागतात. एक जरी बिनगाठीची निघाली, किंवा एकीत जरी गुठळी लागली, तर सगळाच्या सगळा माल परत येईल. पुन्हा तुमच्या दाराशी आम्ही येणार नाही."

"मॅडम, ती गाठ माझ्या दातांची असते," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि दात अजून माझेच आहेत. पाठवते."

फोन ठेवून त्यांनी घरादाराकडे असं बघितलं, की जणू पाचशे उशा निघाल्याच.

त्याच दिवशी चार माणसं कामावर घेतली. दुसरं शिवणयंत्र आलं. मास्तरांच्या हाताखाली एक शिंपीणबाई आली. पिंजण यंत्र सकाळी सातला सुरू झालं, ते दिवेलागणीलाच थांबू लागलं. कारखाना कसा घरघरू लागला! दुसऱ्या दिवशी साठ उशा तयार झाल्या, तिसऱ्या दिवशी सत्तर.

आणि बाहेर पडल्या तीस.

चौथ्या दिवशी ऐंशी तयार झाल्या. बाहेर पडल्या तीस.

पाचव्या दिवशी तिसऱ्या खोलीत उशा मावेनात. त्या बोळात आल्या. बोळातून मुलाच्या खोलीत गेल्या. जेवायच्या टेबलाखाली शिरल्या. न्हाणीघराचं दार उघडेना, म्हणून मुलगा आंघोळीला शेजारी गेला, आणि शेजारणीनं आंघोळीच्या बदल्यात एक उशी मागून घेतली.

"माल कुठेतरी अडतोय," मोठ्या बाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांचा डावा कान उशीवर होता. "अकरा, बारा... कुठे अडतोय रे?"

मुलानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी सूनबाईंकडे बघितलं. सूनबाईंनी छताकडे बघितलं.

"छत अडवतंय का?"

मोठ्या बाई उठल्या आणि स्वतः शोधायला निघाल्या. पिंजणवाल्याला विचारलं, "तुझा हात का चालत नाही?" त्याचा हात चालत होता. मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, तुमचा एकेक टाका बघताना माझे केस पिकले."

"मोठ्या बाई, केस आधीच पिकलेले होते."

"तेही तुमच्यामुळेच."

मास्तरांनी मशीनला आणखी जोरात पाय मारला. पिंजणवाल्यानं दुपारचं जेवण उभ्यानं उरकलं. त्या दिवशी नव्वद उशा झाल्या, आणि त्या सगळ्या येऊन पलंगाभोवती उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंना खिडकी दिसेनाशी झाली.

शेवटी मुलानं एक शहाणा माणूस बोलावला. वाढलेल्या धंद्यांना वाट दाखवणं हाच त्याचा धंदा होता. तो गळ्यात टाय घालून आला. कापसाच्या कारखान्यात टाय घालून येणाऱ्याच्या शहाणपणाबद्दल मोठ्या बाईंना जी शंका आली, ती त्यांनी पुरत्या मोठ्यानं बोलून दाखवली. अर्ध्या तासात त्या टायवर इतका कापूस बसला, की तो टायच गाठ मारून उशी म्हणून विकता आला असता.

टायवाल्याच्या हातात घड्याळ होतं आणि खिशात रंगीत चिठ्ठ्या. तो प्रत्येकाजवळ उभा राहून वेळ मोजायचा आणि चिठ्ठी चिकटवायचा. पिंजण यंत्राला हिरवी. मास्तरांच्या मशीनला हिरवी. सूनबाईंच्या टेबलाला हिरवी. मग तो तिसऱ्या खोलीत आला. मोठ्या बाई उजव्या कानावर होत्या. तो बघत राहिला. त्या डाव्या कानावर आल्या. तो बघत राहिला. त्या उठल्या, तीन वेढे दिले, दोरा तोडला, आणि उशी कडेला ठेवून मास्तरांच्या बायकोबद्दल चार शब्द बोलल्या. तो बघतच राहिला. मग त्यानं खिशातून एक लालभडक चिठ्ठी काढली आणि पलंगाला चिकटवली.

"सगळ्यांना हिरवी आणि मला लाल? का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

टायवाल्यानं तोंड उघडलं. मुलगा मध्ये पडला. मुलाला दोन लेकरं होती, पुढचं आयुष्य याच घरात काढायचं होतं.

"आई, लाल म्हणजे सगळ्यात महत्त्वाची जागा."

"अगदी बरोबर," टायवाला म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता, पण त्याला वाटलं मुलाला सगळं समजलंय. "सगळा कारखाना या एका जागेच्या तालावर चालतो. बाकीच्यांनी कितीही जोर लावला, तरी शेवटी ही जागा ठरवेल तेवढंच होतं."

मोठ्या बाई उठून बसल्या. तेवीस वर्षांत ही गोष्ट एवढ्या स्वच्छ शब्दांत कोणी सांगितली नव्हती.

"ऐकलंत?" त्यांनी बोळाकडे तोंड करून आवाज दिला. "शिकलेला माणूस आहे! सूनबाई, याला काहीतरी खायला दे. बरं, मग आता करायचं काय?"

"अशी एकच जागा असून भागणार नाही. तीन तरी कराव्या लागतील."

"तीन करू!"

संध्याकाळपर्यंत आणखी दोन पलंग आले. मोठ्या बाईंनी स्वतः उभं राहून ते लावून घेतले, पुसून घेतले, आणि मगच त्यांच्या लक्षात आलं, की पलंगावर टेकवायला डोकं लागतं.

मग सहाव्या दिवशी डोक्यांची परीक्षा झाली. दोन उशा मोठ्या बाईंनी मुद्दाम बिघडवून घेतल्या, एकीत गुठळी आणि एकीची शिवण जाड. तिसरी चांगली, त्यांच्या स्वतःच्या गाठीची. कोणती चांगली ते सांगायचं.

पहिले मास्तर आडवे झाले. मास्तरांच्या डोक्यावर केस नव्हते. ते तिन्ही उशांवर पडून आले आणि म्हणाले, "तिन्ही गार लागतात."

"उठा. तुम्ही मशीनवरच बरे."

मग मुलगा आडवा झाला. पहिल्याच उशीवर त्याला झोप लागली. हलवून दुसरी दिली, तिच्यावरही लागली. ती गुठळीची होती.

"हा विटेवर झोपेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि वीटच बरी होती म्हणून सांगेल."

शेवटी सूनबाई आल्या. बारा वर्षांपूर्वी त्या या घरात आल्या, तेव्हापासून कापूस भरायच्या टेबलावर होत्या, आणि बोलायच्या फार कमी. त्यांनी पहिल्या उशीवर डोकं टेकवलं न टेकवलं तोच बाजूला सारली. "गुठळी." दुसरीवर कान लावला. "शिवण." तिसरीवर डोकं ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. मग उठून बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "हीतही गुठळी आहे."

"कुठल्या?"

"या. गाठीच्या."

कारखाना एकदम गप्प झाला. पिंजण यंत्रसुद्धा थांबलं. वीज गेली होती, हे नंतर कळलं.

"सूनबाई," मोठ्या बाई सावकाश म्हणाल्या, "तेवीस वर्षांत माझ्या गाठीच्या उशीत गुठळी निघाली नाही."

"निघाली नाही असं नाही, आई. तुम्हाला सांगितलं कोणी नाही."

मास्तर ताबडतोब दोरा ओवायला लागले. सुईत दोरा आधीच होता.

"माझ्या डोक्याला जे लागत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, "ते उशीत नसतं!" त्यांनी ती उशी उचलली आणि तपासायची तसदी न घेता हॉटेलच्या ढिगावर भिरकावली. "उचला ते दोन पलंग. गाठ एकाच हाताची राहील."

मोठ्या बाईंच्या मनात काय चाललं होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तशी त्यांची रीत नव्हती. पण गाठ गेली तर त्या घरात त्यांच्याजवळ उरणार काय होतं? कापूस सुनेकडे, शिवण मास्तरांकडे, फोन मुलाकडे. मग पलंगावर बसलेल्या बाईला लोक मोठी बाई म्हणत नाहीत, म्हातारी म्हणतात.

सातव्या आणि आठव्या दिवशी त्यांनी कमाल केली. बोलणं बंद! जेवण पलंगावर. उजवा, डावा, मागचा, गाठ. उजवा, डावा, मागचा, गाठ. कान लाल झाले, मग बधिर झाले. सूनबाई दाराशी येऊन म्हणाल्या, "आई, थोडं थांबा." मोठ्या बाई म्हणाल्या, "तेरा, चौदा." दिवसाला पासष्ट उशा निघाल्या! आठव्या दिवशी संध्याकाळी तीनशे पुऱ्या झाल्या. दोनशे बाकी होत्या, आणि दोन दिवस.

नवव्या दिवशी सकाळी मोठ्या बाई जाग्या झाल्या, तेव्हा त्यांची मान डावीकडे वळलेली होती. त्यांनी ती सरळ करायला घेतली. मान म्हणाली, नाही.

"आई, कोणाकडे बघतेस?" मुलानं विचारलं.

"तुझ्याकडे बघायचा प्रयत्न करतेय."

"डॉक्टरांना बोलावतो!"

"खबरदार! कोणाला बोलावशील? त्या मानेच्या डॉक्टरला? काय सांगशील त्याला, उशीवालीची मान उशीनं धरली?"

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. मास्तर धावत आत आले.

"हॉटेलच्या मॅडम! माल बघायला आल्यात!"

पण मोठ्या बाई उगाच मोठ्या नव्हत्या. त्यांनी अर्ध्या मिनिटात पलंग आडवा फिरवून घेतला. भिंतीकडे अंग केलं, म्हणजे तोंड आपोआप दाराकडे आलं. समोर एक खुर्ची ठेवली. मॅडम त्या खुर्चीत बसल्या असत्या, तर जगाला काही कळलं नसतं.

मॅडम खुर्चीत बसल्या नाहीत. त्या खोलीत फिरू लागल्या.

मॅडम खिडकीकडे गेल्या. मोठ्या बाईंना त्यांच्याकडे बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागलं. मॅडम ढिगाकडे आल्या. मोठ्या बाई पुन्हा फिरल्या. मॅडम इकडून तिकडे, मोठ्या बाई टेबलफॅनसारख्या तिकडून इकडे. शेवटी मॅडम त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या, आणि फॅन तिथवर पोचेना.

"या माझ्याकडे का बघत नाहीत?" मॅडमनी मुलाला विचारलं.

"त्यांचं लक्ष उशांवर असतं," मुलगा म्हणाला. "मालावरून त्यांची नजर हटत नाही."

हे त्यानं आयुष्यात बोललेलं सर्वांत खरं वाक्य होतं. मोठ्या बाईंच्या नाकासमोर उशांशिवाय काही नव्हतंच.

मॅडमवर छाप पडली. "तपासणी कशी करता, ते मला बघायचंय."

सूनबाईंनी ढिगातून एक नवी उशी उचलली, हातानं दाबून बघितली आणि पलंगावर ठेवली. मोठ्या बाई आडव्या झाल्या. उजव्या कानाचा प्रश्नच नव्हता. त्यांनी डावा कान टेकवला. टेकवल्याबरोबर दोन दिवसांत पहिल्यांदा मानेवरचं ओझं उतरलं. एक, दोन, तीन, चार...

पाच झालं की नाही, हे त्यांना आजवर सांगता येत नाही.

मॅडमनी वाट बघितली. वीस झाले, चाळीस झाले. मग पलंगावरून एक आवाज आला. तो मोजण्याचा नव्हता. तो पिंजण यंत्राच्या जवळपासचा होता.

मुलानं डोळे मिटले. मास्तर पुढे झाले, "उठवतो हं, उठवतो—"

"अजिबात उठवू नका!" मॅडम कुजबुजल्या. त्या चवड्यांवर चालत पलंगाजवळ आल्या, वाकून बघत राहिल्या. "माझ्या पाहुण्यांनी तक्रारी न करता असंच झोपावं, म्हणून मी चार वर्षं धडपडतेय. बाई दुसऱ्याच मिनिटाला झोपल्या!" दाराशी जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "आजच टेम्पो भरा. आणि महिन्याअखेर आणखी हजार पाठवा. गाठीच्याच."

मॅडम गेल्या. दोनशे उशा बिनगाठीच्या पडल्या होत्या. टेम्पो पाचला येणार होता, आणि जिच्या दातांची गाठ ती बाई घोरत होती. मुलानं आईकडे बघितलं, मग बायकोकडे. सूनबाईंनी पदर खोचला, लाल दोऱ्याचं रीळ उचललं आणि दुसऱ्या खोलीत चटई अंथरली. त्या मोजत नव्हत्या. डोकं टेकवलं की त्यांना कळायचं. ढिगावर भिरकावलेली ती उशी मात्र त्यांनी त्याच दिवशी काढून बाजूला ठेवली होती. तिच्या जागी त्यांनी दुसरी भरली.

मोठ्या बाईंना जाग आली, तेव्हा उन्हं कलली होती. मान सरळ झाली होती. खोलीही सरळ झाली होती, म्हणजे भिंती दिसत होत्या. ढीग नव्हता. बोळात उशी नव्हती. न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं.

"उशा कुठायत?"

"गेल्या, आई," सूनबाई म्हणाल्या. "पाचशे."

"गाठी कोणी मारल्या?"

सूनबाईंचा खालचा ओठ दोऱ्यानं कापला होता.

मोठ्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात एकच उशी दिसली. त्यांच्या स्वतःच्या गाठीची.

"ही का राहिली?"

"तुम्हीच बघा."

मोठ्या बाई आडव्या झाल्या. उजवा कान, वीस. काही नाही. डावा कान, वीस. काही नाही. त्यांनी सुनेकडे एक नजर टाकली, ती नजर लिहून दाखवता येण्यासारखी नाही. मग डोक्याची मागची बाजू. आठ, नऊ, दहा. अकराला त्या थांबल्या. डोकं जरा इकडे केलं, जरा तिकडे केलं. शेंगदाण्याएवढी होती, पण होती.

त्या उठून बसल्या. कोपऱ्यावरची गाठ तोंडाजवळ नेली आणि स्वतःच्या दातांनी तोडून टाकली. बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सूनबाई, मॅडमना आणखी किती हव्यात?"

"हजार."

"हं. उद्यापासून डावा कान तुझा."

सूनबाईंनी मान वर केली. "आणि उजवा?"

"उजवा माझा! मी अजून मेले नाही."

"आणि मागची बाजू, आई?"

मोठ्या बाईंनी विचार केला. "मागची बाजू दोघींची. दोघींचं एकमत झालं तरच गाठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेजारी शेजारी दोन पलंग लागले. दोघी आडव्या झाल्या. मास्तर मशीनवर, पिंजणवाला यंत्रावर, सगळे जोरात. हजार उशांचा प्रश्न सुटला म्हणून मुलगा शीळ घालत बाहेर गेला. दुपारी परत आला, तेव्हा तिसऱ्या खोलीतून आवाज येत होते.

"सूनबाई, याला गुठळी म्हणत नाहीत! याला कापूस म्हणतात!"

"तुम्ही मागचा भाग नीट टेकवा, आई."

"माझं डोकं मला टेकवायला शिकवतेस?"

मुलगा हळूच मास्तरांजवळ गेला. "मास्तर, सकाळपासून किती निघाल्या?"

मास्तरांनी मशीन थांबवलं.

"एक निघाली होती," ते म्हणाले. "ती परत आत घेतली."